प्रस्तावना : हार्मोन, प्रतिकारशक्ती आणि दिवस राहणं

वंध्यत्वाच्या फाईलमधला सगळ्यात जास्त घबराट पसरवणारा कागद कोणता, असं कुणी विचारलं तर मी टॉर्चचा रिपोर्ट पुढे करेन. टोक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो, हर्पीस अशा संसर्गांची ही एकत्रित तपासणी. दिघीत माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. गर्भ पडला की थोड्याच दिवसांत या तपासणीची चिठ्ठी घेऊन नवरा-बायको काउंटरवर उभे राहतात. रिपोर्टात दोन प्रकारच्या प्रतिपिंडांचे आकडे असतात, आयजीएम आणि आयजीजी. ढोबळमानाने आयजीएम म्हणजे अलीकडच्या संसर्गाची खूण आणि आयजीजी म्हणजे पूर्वी कधीतरी होऊन गेलेल्या संसर्गाची, किंवा टोचलेल्या लशीची, शरीरानं ठेवलेली नोंद. आपल्याकडे बहुतेक बायकांचा कुठला ना कुठला आयजीजी वाढलेला निघतोच. यंत्र त्यापुढे ठळक अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’ छापून मोकळं होतं. मग सोबत आलेली सासू हळूच विचारते, ‘‘डॉक्टर, हिच्या रक्तातच काही आहे का?’’

रक्तात आहे ती जुन्या संसर्गाची आठवण. रुबेलाचा आयजीजी पॉझिटिव्ह येणं ही तर पेढे वाटावेत अशी गोष्ट. पुढच्या गर्भारपणात बाळाला रुबेलाचा धोका जवळपास नाही, असा त्याचा अर्थ. २०१८च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम सुरू झाली आणि पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींना शाळाशाळांतून लस टोचली गेली, ती याच आयजीजीसाठी. तेव्हा नववी-दहावीत असलेल्या मुली आता लग्न होऊन आमच्या काउंटरवर येऊ लागल्यात. ज्या लशीसाठी त्या शाळेत रांगेत उभ्या राहिल्या, तिचाच परिणाम आता कागदावर आजारासारखा छापून त्यांच्या हाती पडतोय. त्या कागदावरून महिना-महिना अँटिबायोटिक खाणाऱ्या बायका मी पाहिल्यात.

म्हणून या पुस्तकाचं हस्तलिखित हाती आलं तेव्हा मी आधी टॉर्चचं पान शोधलं. लेखिका स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत आणि त्यांचा बहुतेक अनुभव याच पट्ट्यातला, भोसरी-चाकणच्या कामगार वस्त्यांमधला. टॉर्चविषयी त्यांनी काय लिहिलंय त्यावरून बाकीचं वाचायचं की नाही ते मी ठरवणार होतो. लिहिलंय ते बरोबर आहे आणि सडेतोड आहे.

दिघी हे आळंदी रस्त्यावरचं गाव. आषाढात ज्ञानोबांची पालखी इथून पुण्याकडे जाते. एका अंगाला लष्कराची हद्द, दुसऱ्या अंगाला भोसरीची एमआयडीसी, आणि मोशी ओलांडून पुढे गेलं की चाकण. मधल्या पंचवीस-तीस वर्षांत शेतं गेली, सोसायट्या आल्या आणि त्यांत लातूर, बीड, बुलढाणा, जळगावकडची तरुण जोडपी राहायला आली. नवरा चाकणच्या कंपनीत, आठवड्याआड रात्रपाळी. बायको भोसरीत एखाद्या छोट्या युनिटच्या असेंब्ली लाईनवर, नाहीतर घरी शिवणकाम. लग्नाला दोन वर्षं झाली की गावाकडून फोन सुरू होतात. मग आळंदीला सुवर्ण पिंपळाला प्रदक्षिणा, मग कुणीतरी सांगितलेला वैद्य, आणि मग फाईल. फाईलमध्ये एएमएच, टीएसएच, प्रोलॅक्टिन हे हार्मोनचे कागद एकीकडे आणि टॉर्च, एएनए, ‘एनके सेल’ हे प्रतिकारशक्तीचे कागद दुसरीकडे. हार्मोनवर एकजण औषध देतो आणि प्रतिकारशक्तीवर दुसरा. दोन्ही कागद एकाच बाईचे आहेत, एवढंच कुणाच्या ध्यानात येत नाही.

या पुस्तकाचा सगळा भर त्या दोन गठ्ठ्यांमधली भिंत पाडण्यावर आहे. हार्मोन आणि प्रतिकारशक्ती ही बाईच्या शरीरात दर महिन्याला एकमेकांच्या सल्ल्यानं चालतात. प्रतिकारशक्ती ‘वाढवली’ म्हणून मूल होत नाही आणि ‘दाबली’ म्हणूनही होत नाही. ती कधी जागी असावी आणि कधी शांत, यावर सगळं अवलंबून असतं आणि ती वेळ बहुतांशी हार्मोन ठरवतात. मूळ मुद्दा इतकाच आहे. पण तो नीट समजून घ्यायचा तर महिन्याच्या मध्यावरून सुरुवात करावी लागते.

पाळीच्या साधारण मध्यावर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून एलएच हे हार्मोन एकदम उसळतं आणि सुमारे दीड दिवसात बीज बाहेर पडतं. शाळेच्या पुस्तकात इतकं असतं. त्या दीड दिवसात काय घडतं ते नसतं. बीजाभोवतीची पिशवी लाल होते, सुजते, तिथल्या रक्तवाहिन्या झिरपू लागतात, पांढऱ्या पेशी गर्दी करतात, प्रोस्टाग्लँडिन तयार होतात, पिशवीची भिंत विरघळवणारी विकरं सुटतात. शेवटी भिंत फाटते. पुढे ती जागा भरून निघते तीसुद्धा जखम भरावी तशी. लॉरेन्स एस्पी या अमेरिकन संशोधकानं १९८० साली हे सरळ शब्दांत मांडलं : बीज बाहेर पडणं ही दाहाची क्रिया आहे. आदेश हार्मोनचा, अंमलबजावणी प्रतिकारशक्तीच्या पेशींची.

याचा व्यवहारात अर्थ काय? दाह कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत, म्हणूनच त्यांनी दुखणं थांबतं. पण याच गोळ्या महिन्याच्या मध्यावर रोजच्या रोज घेतल्या तर पिशवी पिकते, हार्मोनही वाढतात, आणि तरी ती फुटत नाही असं होऊ शकतं. सोनोग्राफीत तिला न फुटलेली पिशवी म्हणतात. रक्तातलं प्रोजेस्टेरॉन पाहिलं तर बीज सुटलं असावं असंच वाटतं. लाईनवर आठ तास उभं राहून कंबर धरते, म्हणून डायक्लोफिनॅकची पट्टी पर्समध्येच बाळगणाऱ्या बायका इथे कमी नाहीत. मेडिकलवाला चिठ्ठी मागत नाही आणि डॉक्टर गोळ्यांबद्दल विचारत नाहीत. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत पोटदुखीसाठी घेतलेल्या गोळीनं हे होत नाही, ती बिनधास्त घ्यावी. प्रश्न मधल्या दिवसांचा आणि रोजच्या सवयीचा आहे, आणि गोळी थांबली की तो बहुधा सुटतो. लेखिकेनं यासाठी पानभर मजकूर दिलाय. मी असतो तर मुखपृष्ठावर छापला असता.

बीज सुटल्यावर कारभार प्रोजेस्टेरॉनच्या हाती जातो. हे हार्मोन गर्भपिशवीच्या अस्तराला तयार करतं आणि त्याच वेळी तिथल्या प्रतिकारशक्तीचा सूरही बदलतं. पुरुषाची बीजं आणि पुढे कदाचित गर्भ, दोन्ही परकेच. त्यांना वाट मिळावी म्हणून त्या काही दिवसांत पहारा जरा सैल होतो. अमेरिकेतले चार्ल्स वायरा आणि जॉन फाही यांनी या काळाला असुरक्षिततेची खिडकी म्हटलं, कारण सैल पहाऱ्याचा फायदा विषाणूही घेऊ शकतात. दिघीच्या शेजारीच, भोसरीच्या एमआयडीसीत, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची एड्स संशोधन संस्था १९९२ पासून आहे. एचआयव्ही बाईच्या शरीरात शिरतो कसा, हा प्रश्न त्यामुळे आपल्याला परका नाही. आणि त्याच प्रश्नाचं एक टोक थेट ‘अंतरा’च्या इंजेक्शनपर्यंत पोहोचतं. प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन असलेलं, तीन महिने पाळणा लांबवणारं हे इंजेक्शन २०१७ पासून सरकारी दवाखान्यांत मिळतं. त्यानं स्थानिक प्रतिकारशक्ती ढिली पडून एचआयव्हीचा धोका वाढतो का, यावर जगभर वर्षानुवर्षं वाद चालला. आफ्रिकेतल्या चार देशांत ७,८२९ बायकांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०१९ साली आला : इंजेक्शन, तांबी आणि दंडात बसवायची कांडी यांच्यात एचआयव्हीच्या धोक्याचा मोठा फरक दिसला नाही. प्रयोगशाळेत खरा असलेला परिणाम प्रत्यक्ष आयुष्यात किती मोठा, हे वेगळं मोजावं लागतं. हे वाक्य वाचकानं लक्षात ठेवावं. बाजारातले अर्धे ‘इम्युनिटी’चे उपचार याच फटीतून आत शिरलेत.

गर्भ राहिला नाही तर प्रोजेस्टेरॉन उतरतं, अस्तरात दाह परततो आणि पाळी येते. गर्भ राहिला तर खरी गंमत सुरू होते.

१९५३ साली पीटर मेडावार या ब्रिटिश शास्त्रज्ञानं एक प्रश्न विचारला. दुसऱ्याची त्वचा माझ्या अंगावर लावली तर माझं शरीर ती थोड्याच दिवसांत झिडकारून टाकतं. मग निम्मा बापाचा असलेला गर्भ आईचं शरीर नऊ महिने कसा सांभाळतं? त्यानं तीन शक्यता मांडल्या. आई आणि गर्भ यांच्यात भिंत असावी, गर्भ अजून परका म्हणून ओळखू येण्याइतका पक्व नसावा, किंवा आईची प्रतिकारशक्ती त्या काळात सुस्तावत असावी. तिन्ही उत्तरं पुढे अपुरी ठरली, पण प्रश्न इतका नेमका होता की प्रजननाचं सगळं प्रतिकारशास्त्र त्यावर उभं राहिलं. आईला गर्भ ओळखू येतो. त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडंही बनतात. कित्येक वर्षांनीही बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात सापडतात. वारेच्या ज्या पेशी आईच्या ऊतीत घुसतात त्या आपली ओळख दाखवतात, पण निवडक. एचएलए-जी नावाची खूण पुढे करून त्या आईच्या पेशींना शांत करतात. आणि आईच्या बाजूला नियंत्रक टी-पेशी वाढतात, ज्यांचं कामच मुळी हल्ला आवरणं हे आहे.

सगळ्यात मोठा गैरसमज मात्र एनके पेशींचा. नावात ‘किलर’ आहे, म्हणून त्या गर्भ मारतात असा समज झाला. पहिल्या तिमाहीत गर्भपिशवीच्या अस्तरात असलेल्या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के या एनके असतात. मारायचाच असता तर एकही गर्भ टिकला नसता. प्रतिकारशक्ती म्हटलं की आपल्याला सैनिक आठवतात, आणि दिघीत तर लगेचच. पण याच आळंदी रस्त्यावर दिघीला लागून डीआरडीओची इंजिनिअरांची संस्था आहे. तिनं लष्करासाठी ‘सर्वत्र’सारखे पूल घडवले. सैन्यात बंदूक चालवणाऱ्यांइतकंच काम वाट करून देणाऱ्यांचं असतं. गर्भपिशवीतल्या एनके पेशी या दुसऱ्या जातीच्या. आईच्या अरुंद, पिळदार धमन्या रुंद करायला त्या मदत करतात, म्हणजे वारेला पुरेसं रक्त मिळतं. हे काम कच्चं राहिलं तर पुढे रक्तदाब वाढणं, बाळाची वाढ खुंटणं असे प्रश्न येतात. दंडातून काढलेल्या रक्तातल्या एनके पेशी मोजून गर्भपिशवीतल्या एनकेंबद्दल काही सांगता येत नाही. तरी ती तपासणी होते, आणि स्वस्त नसते.

गर्भारपणाचे नऊ महिनेही एकसारखे नसतात. रुजण्याचे पहिले आठवडे दाहाचे, मधले महिने शांततेचे आणि शेवटी कळा सुरू होतात त्या पुन्हा दाहाच्या. मधल्या शांततेत प्रोजेस्टेरॉनचा वाटा मोठा. याचा पहिला ठळक पुरावा संधिवाताच्या दवाखान्यातून आला. मेयो क्लिनिकमधल्या फिलिप हेंच यांच्या लक्षात आलं की गर्भार राहिलेल्या बायकांचा आमवात ओसरतो. १९३८ मध्ये त्यांनी हे लिहिलं. काविळीतही तसंच होतं, हे त्यांनी आधीच नोंदलं होतं. रक्तात काहीतरी फिरतंय आणि तेच दाह आवरतंय, असं त्यांना वाटलं. दहा वर्षांनी कॉर्टिझोन हाती आलं आणि १९५० साली हेंच, केंडॉल आणि राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. गर्भार बाईच्या हलक्या झालेल्या सांध्यांमधून स्टेरॉइडचं युग सुरू झालं, ही वैद्यकाच्या इतिहासातली मला सगळ्यात आवडणारी वळणवाट. बाळंतपणानंतर त्याच बायकांचे सांधे पुन्हा धरतात. आणि ल्युपससारख्या आजाराचं उलटं : गर्भारपणात तो चाळवू शकतो. एकच नियम सगळ्यांना लागू होत नाही.

आपल्या देशातली गोष्ट याहून थरारक आहे. दिवस राहिले का ते पाहायला मेडिकलमधून आणायची ती पट्टी घ्या. ‘प्रेगा न्यूज’ किंवा आणखी कुठली. तिच्यावर एचसीजी या हार्मोनविरुद्धची प्रतिपिंडं बसवलेली असतात. एचसीजी बनवतात वारेकडच्या पेशी. ते बीजग्रंथीला निरोप देतं, की प्रोजेस्टेरॉन चालू ठेव, गर्भ आलाय. लघवीतलं एचसीजी पट्टीवरच्या प्रतिपिंडांना चिकटतं आणि दुसरी गुलाबी रेघ उमटते. हार्मोन आणि प्रतिकारशक्तीची गाठ चाळीस-पन्नास रुपयांत बाथरूममध्ये पाहायला मिळते.

आता कल्पना करा, हीच प्रतिपिंडं बाईच्या स्वतःच्या शरीरानं बनवली तर? निरोप पोचणारच नाही, प्रोजेस्टेरॉन उतरेल, पाळी वेळेवर येईल आणि गर्भ राहिला होता हे कळणारही नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत डॉ. जी. पी. तलवार यांनी नेमकं हेच करून दाखवलं. एचसीजीचा भाग धनुर्वात आणि घटसर्पाच्या टॉक्सॉइडला जोडून त्यांनी लस बनवली. दोन मुलं असलेल्या १४८ बायकांनी चाचणीत भाग घेतला. १९९४ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा : ११९ जणींमध्ये पुरेशी प्रतिपिंडं तयार झाली आणि १,२२४ मासिक चक्रांत गर्भ राहिला एकच. पाळी नियमित, बीज सुटणंही चालू. प्रतिपिंडं उतरली की जननक्षमता परत येत होती. ही लस बाजारात आली नाही, कारण सगळ्यांमध्ये पुरेशी प्रतिपिंडं बनत नव्हती आणि पुन्हा पुन्हा टोचावं लागत होतं. पण शरीराला स्वतःच्याच हार्मोनविरुद्ध उभं करता येतं आणि ते पूर्ववतही होतं, हे कागदावर पक्कं झालं.

त्या कागदाची एक वाईट सावली मात्र अजून फिरते. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं की बाई वांझ होते, ही अफवा आफ्रिकेपासून फिलिपिन्सपर्यंत पसरली, तिचं मूळ या जोडलेल्या टॉक्सॉइडमध्ये आहे. गर्भार बाईला आपल्याकडे दिल्या जाणाऱ्या टीटीमध्ये किंवा आताच्या टीडीमध्ये एचसीजी नसतं. तसंच करोनाच्या लशीचं. ती घेतल्यावर पाळी मागेपुढे झाल्याचं बायका सांगत होत्या आणि डॉक्टर हसण्यावारी नेत होते. मोजलं तेव्हा बायकांचं म्हणणं खरं निघालं. पाळी लांबली होती, पण सरासरी एका दिवसापेक्षा कमी, आणि पुढच्या एक-दोन चक्रांत घडी पूर्ववत बसली. मूल राहण्यावर परिणाम दिसला नाही. बायका सांगतात ते आधी ऐकून घ्यायचं आणि मग मोजायचं, हा क्रम उलटा झाला की अफवेला जागा मिळते.

मुंबईनं या क्षेत्रात आपला वाटा घातलाय. ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून हर्षा या टेस्ट ट्यूब बाळाचा जन्म झाला. शेजारच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार त्यांच्यासोबत होते. पुढे याच आनंद कुमारांनी कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचं १९७८चं काम आपल्या आधीचं असल्याचं जाहीरपणे मांडलं. ‘भारतातलं पहिलं’ हे बिरूद आपणहून सोडणारा शास्त्रज्ञ विरळा. तंत्र आलं, फोफावलं, २०२१ साली कायदाही आला. पण उत्तम गर्भ पिशवीत सोडला तरी तो रुजत नाही, हा अनुभव जसा वाढला, तशी त्या अपयशाला ‘इम्युनिटी’ हे नाव मिळालं.

हे नाव नेहमी खोटं नसतं, आणि म्हणूनच ते विकलं जातं. खरं कुठे आहे ते आधी सांगतो. वारंवार गर्भ पडत असेल तर अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं तपासावीत. १९८३ साली ग्रॅहॅम ह्यूज यांनी हा आजार मांडला. तपासणी एकदा पॉझिटिव्ह आली म्हणून भागत नाही, बारा आठवड्यांनी पुन्हा करायची. ठरला, तर ॲस्पिरिन आणि हेपारिन यांनी खरा फरक पडतो. १९९७ सालच्या एका ब्रिटिश चाचणीत फक्त ॲस्पिरिनवर ४२ टक्के आणि दोन्ही मिळून ७१ टक्के बायकांना मूल झालं. थायरॉइडचा दुसरा क्रमांक. शरीराची प्रतिपिंडं थायरॉइडवर उलटतात, हार्मोन कमी पडतं, पाळी बिघडते. टीएसएच वाढला असेल तर गोळी घ्यायलाच हवी. पण हार्मोन नॉर्मल आहे आणि नुसती टीपीओ प्रतिपिंडं वाढलेली आहेत, तर गोळी देऊन उपयोग होतो का? २०१९च्या ब्रिटिश चाचणीत गोळी घेणाऱ्यांपैकी ३७.४ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी ३७.९ टक्के बायकांना मूल झालं. उत्तर मिळालं.

पीसीओडीच्या प्रकरणावर मी लेखिकेशी भांडलो आहे. त्यात दाहाचा भाग आहे हे खरं, इन्सुलिन आणि चरबी यांच्यामधून तो येतो. पण त्यांनी ते प्रकरण इतकं लांबवलंय की मूळ मुद्दा आहाराच्या तक्त्यांत हरवतो. एंडोमेट्रिओसिसवर मात्र हवं होतं त्याहून कमी लिहिलंय. गर्भपिशवीबाहेर अस्तर रुजतं, इस्ट्रोजेनवर पोसलं जातं, आणि तिथली प्रतिकारशक्ती ते साफ करण्याऐवजी त्याच्याभोवती धुमसत राहते. या पुस्तकाचा विषय एका आजारात पाहायचा तर तो हाच. दहात एका बाईला तो असतो आणि निदानाला वर्षानुवर्षं लागतात, कारण पाळीत दुखायचंच, असं आई सांगते, सासू सांगते आणि कधीकधी डॉक्टरही.

पुस्तकातलं सगळ्यात चांगलं प्रकरण क्षयावरचं. परदेशी पुस्तकांत ते दोन ओळींत संपतं. आपल्याकडे गर्भाशयाचा आणि नळ्यांचा क्षय हे वंध्यत्वाचं मोठं कारण आहे. जंतू कमी असतात, नुकसान करतो तो त्यांना कोंडून ठेवणारा दाह. नळ्या आतून चिकटतात, अस्तर पातळ होतं आणि हार्मोनला प्रतिसाद देईनासं होतं. बाई सांगते, ‘‘पाळी नुसती डागापुरती येते.’’ खोकला नाही, ताप नाही. पण याच भीतीपोटी उलटी चूकही होते. अस्तराच्या तुकड्यावर नुसता पीसीआर पॉझिटिव्ह आला की सहा महिन्यांची एकेटी, म्हणजे क्षयाची औषधं, सुरू. मेलेल्या जंतूचा अंशही पीसीआरला सापडतो. सूक्ष्मदर्शक, कल्चर, दुर्बिणीतून दिसलेली खूण, काहीतरी जोडीला हवं. मी लॅबवाला असून सांगतो, एका कागदावर सहा महिन्यांची औषधं घेऊ नका.

आणि आता बाजार. नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी काढून बायकोला टोचायच्या म्हणजे ती गर्भाला ‘ओळखेल’, हा उपचार आपल्याकडेही अनेकांनी विकला. १९९९ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या अमेरिकी चाचणीत टोचून घेतलेल्या गटाचं यश न घेतलेल्यांपेक्षा कमी निघालं. २००२ पासून अमेरिकेत संशोधनाबाहेर तो देता येत नाही. सलाईनमधून दिलं जाणारं इंट्रालिपिड हे सोयाबीनचं तेल आणि अंड्यातल्या बलकाचा अर्क. एनके पेशी त्यानं ‘शांत’ होतात म्हणून ते दिलं जातं. मूल होण्याची शक्यता त्यानं वाढते असा भरवशाचा पुरावा नाही. प्रेडनिसोनची चीनमध्ये ७१५ बायकांवर चाचणी झाली, निकाल २०२३ साली आला : गोळी घेणाऱ्यांत ३७.८ टक्के, न घेणाऱ्यांत ३८.८ टक्के बायकांना मूल झालं, आणि गोळी घेणाऱ्यांत मुदतीआधीची बाळंतपणं जास्त. खुद्द प्रोजेस्टेरॉनचंही तसंच. सुरुवातीच्या महिन्यांत रक्त जाऊ लागलेल्या ४,१५३ बायकांच्या ब्रिटिश चाचणीत ७५ विरुद्ध ७२ टक्के, एवढाच फरक. फायदा दिसला तो मुख्यतः ज्यांचे आधी गर्भ पडले होते त्यांना. आपल्याकडे ते सरसकट लिहिलं जातं.

या चिठ्ठ्या लिहिणारे सगळे लुटारू नसतात. चौथ्यांदा गर्भ पडलेल्या बाईला ‘माझ्याकडे करण्यासारखं काही नाही’ असं सांगायला धैर्य लागतं, आणि ते ऐकून ती दुसऱ्या दारी जाते. कारण न सापडलेल्या जोडप्यांपैकी निम्म्याहून अधिकांना पुढे मूल होतं, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. लेखिकेनं ते सांगितलंय, आणि काही न करता वाट पाहणं हाही एक उपचार कसा असतो ते शांतपणे लिहिलंय.

वाचकाला एवढंच सांगणं. फाईल घेऊन बसा आणि प्रत्येक कागदापुढे एक प्रश्न लिहा : हा आकडा वेगळा आला असता तर माझा उपचार बदलला असता का? डॉक्टरांना हा प्रश्न विचारा, त्यात उद्धटपणा नाही. टीएसएच आणि रक्तगट पाहून घ्या. गट आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन चुकवू नका, गर्भ पडल्यावर लागणारंही. रुबेलाची प्रतिपिंडं नसतील तर आधी लस घ्या आणि मग महिनाभर थांबा. रोजच्या वेदनाशामक गोळ्यांचं नाव न लाजता सांगा.

आणि नवरोबा, हे पुस्तक बायकोच्या हातात देऊन मोकळे होऊ नका. मूल न होण्यात जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाचाही वाटा असतो, आणि त्याची पहिली तपासणी, म्हणजे वीर्याची, या फाईलमधल्या जवळजवळ प्रत्येक कागदापेक्षा स्वस्त आहे. दोन-पाच दिवसांचा खंड ठेवून सकाळी लॅबमध्ये या, रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो.